अण्णा नेमके कोणाचे?

अण्णांना जिवंतपणी दोन्हीकडून शिव्या मिळाल्या आणि मेल्यावर दोन्हीकडून हार.

आज त्यांचा दहावा झाला. क्षिप्रेच्या घाटावरून घरी आलो, आंघोळ केली आणि लिहायला बसलो. राग आलाय म्हणून लिहितोय.

अण्णा म्हणजे माधव नगरातले आमचे शेजारी. बँकेतून रिटायर. कपाळाला गंध, डोक्याला शेंडी, रोज संध्याकाळी रामरक्षा.
आणि रामरक्षा संपली की स्कूटर काढून थेट भैरवगढ.

तिथे कपड्यावर ठप्पे मारणाऱ्या बायकांना ते लिहायला-वाचायला शिकवायचे. एका छपाईवाल्याने खोली दिली होती. भिंतीवर सरस्वतीची तसबीर, पुढे उदबत्ती. हिंदू बायका नमस्कार करायच्या, तेवढ्यात मुसलमान बायका पाट्या पुसून घ्यायच्या. कुणाला त्यात काही वाटायचं नाही.
रंगाने बोटं सगळ्यांचीच निळी.

"अरे, शबाना आज बसचा बोर्ड स्वतः वाचून आली," एकदा अण्णा मला म्हणाले. "कंडक्टरला विचारावं नाही लागलं तिला. काय मस्त वाटलं सांगू!"

मग कुणीतरी त्या खोलीचा फोटो काढला.

एका ग्रुपवर आलं, "चोटीवाला नक्सली, मुसलमानों को भड़का रहा है."
दुसऱ्या ग्रुपवर आलं, "भगवा एजंट, सरस्वती दिखाकर धर्म बदलवा रहा है."

फोटो एकच हो!

भजनी मंडळाने त्यांना पेटी वाजवायला बोलावणं बंद केलं. समाजसेवावाल्यांच्या एका मीटिंगला गेले, तर कपाळावरचं गंध बघून शेजारची माणसं सरकून बसली.

शेवटी पोलिसांकडून चौकशीला बोलावणं आलं. मी सोबत गेलो होतो.
साहेबांनी विचारलं, "आपकी विचारधारा क्या है?"
अण्णांनी जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "जी, ऋग्वेदी देशस्थ."

मला तिथे हसू आवरेना. मुलीला स्थळ बघताना सांगावं तसं उत्तर! पण अण्णा थट्टा करत नव्हते. स्वतःबद्दल त्यांना तेवढंच सांगता येत होतं.

बाहेर आल्यावर त्यांना स्कूटरला किक मारता येईना. मी मारून दिली.

छपाईवाल्याने हात जोडले. "बाबूजी, मेरे भी बच्चे हैं. कमरा खाली कर दो."
अण्णांनी तसबीर पिशवीत घालून घरी आणली.

त्यानंतर संध्याकाळी ते नुसते ओट्यावर बसून असत. काकू म्हणायच्या, "जरा चक्कर तरी मारून या."
"कुठे जाऊ?" एवढंच म्हणायचे.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.
असेल.

अंत्ययात्रेला दोन्हीकडचे हजर. एका नेत्याने अण्णांच्या मुलाच्या, श्रीरंगच्या खांद्यावर हात ठेवला. "आपके पिताजी तो हमारे ही आदमी थे."
दुसऱ्या बाजूच्यांनीही हेच पोस्ट केलं, खोलीतल्या त्याच फोटोसकट. तो फोटो त्यांना कुठे मिळाला, ते विचारू नका.

आज घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, पण एकही खाली येईना.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला कुणीतरी."
श्रीरंग म्हणाला, "अण्णा, आईला मी सांभाळीन."
कावळे हलले नाहीत.
पुतण्या म्हणाला, "काका, घरचा कुलाचार चुकू देणार नाही."
तरी नाही.

काय बोलायचं राहिलंय, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. अण्णा, वर्ग आम्ही चालू करू. एवढंच.

कोण बोलणार? घाटावरही लोक मोबाइल काढून उभे होते. श्रीरंगला नोकरी आहे. माझी मुलगी सरकारी परीक्षेला बसलीय. आम्ही सगळे खाली मान घालून पिंडाकडे बघत राहिलो. ऊन चढत गेलं.

शेवटी काकूच पुढे आल्या.
"गुरुजी, दर्भाचा कावळा करा."
"थोडं थांबू या ना, वहिनी."
"नको. हे लोक नाही बोलणार. आणि ते आमच्या ह्यांनाही माहीत आहे. उगाच ताटकळत ठेवू नका त्यांना."

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला.

अण्णा, निघा आता.
आमची वाट बघू नका.