होडीचा निळा

माणसाच्या आयुष्यात एक रंग असा असतो, जो तो मरेपर्यंत विसरत नाही. हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं. ते खरं मानून मी एअरब्रश विकत घेतला.

सासरे मनोरीच्या बाजूच्या कोळीवाड्यातले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी होडीवर चढायचं नाही म्हणून सांगितलं, आणि एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी बायको, हिशेबनिसाची नोकरी सोडून मासेमारीला जाईल अशी चिन्हं नव्हती. तेव्हा त्यांनी होडी विकली. घेणारा रायगडकडचा होता. नेण्याआधी त्याने ती इथेच किनाऱ्यावर हिरवी रंगवून घेतली. सासऱ्यांनी तो कार्यक्रम उभं राहून पाहिला आणि मग ते आमच्याकडे चारकोपला राहायला आले.

मी बरीच वर्षं प्लास्टिकची मॉडेलं जोडतो. बहुतेक विमानं, अधूनमधून रणगाडा. रंग ब्रशने. सासऱ्यांनी माझं विमानांचं कपाट सभ्यपणे पाहून घेतलं आणि विचारलं, "होडी नाय मिळत यात?"

मिळत होती. थंड प्रदेशातल्या कुठल्याशा समुद्रातला ट्रॉलर, हातभर लांबीचा. त्याची केबिन कापून, डोलकाठी बदलून, जाळी ओढायचं यंत्र काढून मी त्याला जमेल तितका मनोरीचा केला. सासरे शेजारी बसून सांगत होते आणि मी कापत होतो. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आणखी वर हवी, एवढं सोडलं तर त्यांची तक्रार नव्हती. पण रंग निळा, आणि तो त्यांचा निळा हवा होता. ब्रशने मारला तर त्या आकाराच्या होडीवर ब्रशचा प्रत्येक केस दोरखंडाएवढा दिसतो. म्हणून एअरब्रश.

बायकोने वेळीच सावध केलं होतं. "अरे, विमानाचा रंग चुकला तर तुला कोण सांगणारे? पप्पा रोज त्या होडीसमोर बसून जेवणारेत."

एअरब्रश म्हणजे पेनाएवढं पिस्तूल. वर रंगाची वाटी, आत सुई, मागून नळीने हवा. बोट दाबलं की हवा येते, मागे ओढलं की रंग येतो. हे एवढंच आहे. पण ते शिकवणारे लोक आवाज खाली आणून बोलतात. एका व्हिडिओतल्या गृहस्थांनी आधी डोळे मिटून श्वासावर लक्ष केंद्रित करायला सांगितलं. मी ज्या हौशी लोकांच्या ग्रुपवर होतो, तिथे एकाने लिहिलं की एअरब्रश हातात धरला की माणसाचा अहंकार गळतो. माझ्या हातात धरला तेव्हा वाटी गळत होती.

रंग दुधासारखा पातळ करा, असं सगळे सांगतात. कुठल्या दुधासारखा, ते कोणी सांगत नाही. आमच्याकडे पिशवीतलं घट्ट दूध येतं. त्या मापाने केलेला रंग सुईच्या टोकाशीच वाळला, आणि जे थोडं बाहेर आलं ते प्लास्टिकवर रव्यासारखं बसलं. मग कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या दुधाचं माप धरलं. तो रंग हवेच्या जोराने कोळीकिड्याच्या पायांसारखा चहूकडे पळाला. मे महिना होता. बंद केलेल्या बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून, कॉम्प्रेसरच्या घरघरीत मी घामाने निथळत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं की तुम्ही घरात पंक्चर काढता का. सासऱ्यांनी त्यांना होडीचं काम चालू आहे म्हणून सांगितलं.

सराव प्लास्टिकच्या चमच्यांवर करायचा असतो. चमच्याला बाक असतो, होडीलाही असतो. रंगाचा हात जरा बसल्यावर मी निळे बनवायला लागलो. फोटो पाहून बनवावेत तर होडीचे फोटो पुष्कळ होते आणि प्रत्येकात निळा वेगळा. दोष मी मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिला. एकेक चमचा सुकला की सासऱ्यांसमोर धरायचो. ते तो खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहायचे आणि परत द्यायचे.

"ह्यो नाय."

गडद की फिका, विचारलं तर म्हणायचे, तसं नाय. हिरव्याकडे झुकतो का, तर तसंबी नाय. शेवटी शेवटी ते चमच्याकडे पाहण्याआधी माझ्याकडे पाहायचे, आणि त्यांना वाईट वाटतंय हे मला दिसायचं. एकदा जेवताना ते बायकोला म्हणाले की बहुतेक आता आठवतच नाय मला. नंतर आत येऊन मला म्हणाली, "एक कुठलातरी निळा मार ना यार. नाहीतर राहू दे."

राहू दे, असं मीही ठरवलं. सगळ्या बाटल्यांत तळाशी उरलेले निळे एकाच वाटीत ओतले, त्यात कुठल्याशा विमानाचा थोडा करडाही गेला, आणि हत्यार साफ करण्याआधी ते मिश्रण एका चमच्यावर मारून जवळजवळ संपवलं. चमचा कचऱ्यात टाकायला निघालो तर सासऱ्यांनी हात पुढे केला.

"ह्योच."

मी विचारलं, हाच कशावरून.

"बाकीचे एका डब्यातले वाटत व्हते," ते म्हणाले. "आमी कदी एका डब्यातला रंग लावलाय? नारळी पुनवेच्या आधी सगल्यांच्या होड्या रंगवून झाल्या की ज्याचं जे उरलंय ते आमी एकत्र करायचो, आन् माझी होडी शेवटी."

म्हणजे दरवर्षी वेगळा निळा, मी म्हटलं.

"मंग?"

बायको आतल्या खोलीतून हसली. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर मी उगाच ठपका ठेवला होता. मी वाटीत उरलेल्या थेंबांकडे पाहिलं, ते होडीला पुरणारे नव्हते. आधीच्या चमच्यांसाठी बनवलेले निळे जे उरले होते ते एकत्र करून पुन्हा वाटी भरली. तो चमच्यावरच्यापेक्षा किंचित वेगळा आला. सासऱ्यांना तो चालला; चालणारच होता. पातळ थर, वाळू द्यायचं, पुन्हा पातळ थर. कुठेही ओघळ नाही, रवा नाही. मी आजवर रंगवलेल्या वस्तूंमध्ये ती सगळ्यात नीट रंगलेली वस्तू आहे. सासऱ्यांनी तिला हळदकुंकू लावलं, तेवढ्यापुरता रंग बिघडला. होडी जेवणाच्या टेबलासमोरच्या काचेच्या कपाटात बसली. ते जेवताना तिच्याकडे बघायचे आणि मासळी ताजी नाही म्हणायचे.

एक जूनला मासेमारी बंद झाली. त्या सकाळी सासऱ्यांनी ताडपत्रीचा एक तुकडा मागून घेतला, होडी कपाटातून काढून टेबलावर ठेवली, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत झाकली, सुतळीने बांधली आणि परत कपाटात ठेवली. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायच्या असतात. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे.

ताडपत्री काळी आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत कपाटात तीच दिसणार.