बर्फाखालचं पाणी

आज फ्रीज बंद पडला. आतला बर्फ वितळून फरशीवर ओघळला आणि मला तानसा तलावाजवळचा आमचा पाडा आठवला.

ऐन उन्हाळ्यात, सकाळीच बाप गेला होता. अग्नी माझ्या थोरल्या भावानेच द्यायचा, आणि तो सुरतेहून यायचा होता. तोवर अंग टिकावं म्हणून चुलत्याने शहापूरहून बर्फाच्या लाद्या आणल्या, भाताच्या तुसात गुंडाळलेल्या. बापाला त्यांच्यावर निजवलं. दुपारी लाद्या वितळायला लागल्या. गार पाणी सारवलेल्या जमिनीवरून उंबऱ्याकडे निघालं, ओल्या शेणाचा वास उठला.

आई रडायची थांबली. त्या धारेकडे बघत म्हणाली, "येवढं पानी वाया चाललं रे."

"गप ऱ्हा गो वैनी, लोकं बसलीत," चुलता पुटपुटला. दुःखानं तिला भ्रम झाला, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

आता वाटतं, त्या घरात शुद्धीवर तीच होती. खाली तलावात पाणी होतं, पण ते मुंबईचं. आई हंडा घेऊन टेकडीपलीकडच्या विहिरीवर जायची. उन्हाळ्यात आमच्या दारी पाणी आपणहून आलं ते तेवढं एकदाच, बापाच्या अंगाखालून.