एसी लावला की टकटक

सकाळी नऊलाच पत्रा तापला होता. वारा नावालाही नव्हता आणि गॅरेजसमोरची धूळ दोन बादल्या पाणी पिऊनही कोरडीच. अशा दिवसांत गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. धाकटीने तोवर एका गाडीत गॅस भरला होता आणि दुसरीची गळती साबणाच्या फेसाने हुडकून काढली होती.

धाकटी म्हणजे गॅरेजवाल्याची बहीण. वय त्रेचाळीस, घरी शिलाई मशीन दुरुस्त करणारा नवरा आणि कॉलेजातली मुलगी. पण बाप धाकटी म्हणायचा, म्हणून अख्खी गल्ली तेच म्हणायची. बापाच्या काळात ती जेवणाचा डबा घेऊन यायची आणि कुठल्या गाडीचा पंखा रडतोय ते लांबून सांगायची. बाप हसायचा, पण पाने दिले ते मुलाच्या हाती. पुढे दादाची कंबर धरली तेव्हा धाकटीला बोलावणं आलं. त्यालाही आठ वर्षं झाली. गॅस, पंखे, जाळ्या तिच्या. गाडीचं दुखणं कुठे आहे ते सांगायचं मात्र दादाने.

त्या दिवशी वृद्धाश्रमाची व्हॅन आली. ड्रायव्हर साठीचा, गोलमटोल, घामाने निथळत होता.

"एसी लावला की टकटक," तो म्हणाला. "दोन महिने होत आले. आज तर आजी म्हणाल्या, दार कोण वाजवतंय बघ रे."

दादाने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कंप्रेसरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "गेला. आतून खिळखिळा झालाय. नवा मागवतो."

"दादा, तो नाही," पायरीवर जाळी झटकत बसलेली धाकटी म्हणाली.

"तिथे बसून ऐकू आलं तुला?"

"काका, जरा रेस द्या," धाकटी म्हणाली. ड्रायव्हरने पाय दाबला, टकटक थांबली. सोडला, पुन्हा सुरू. "बघ. मरायला टेकलेला कंप्रेसर पळवला की जास्त कण्हतो. हा गप्प बसतोय."

"लाजत असेल," ड्रायव्हर म्हणाला.

गिऱ्हाइकासमोर दादाचे कान लाल झाले. "बाराला म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचंय ना?" त्याने ड्रायव्हरला विचारलं आणि धाकटीकडे वळला. "मग अकरापर्यंत शोध. नाही सापडलं तर यापुढे निदानात तोंड घालायचं नाही. गॅस भरायचा नि गप बसायचं."

"आणि सापडलं तर आवाजाची प्रत्येक गाडी आधी मी बघणार."

"आधी शोध तर!" म्हणत तो फोन करायला आत गेला.

धाकटीने पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या. बेल्टवर पाणी शिंपडून पाहिलं, टकटक तशीच. पंख्याची वायर क्षणभर काढली, तरी तशीच. पावणेअकरा झाले. तापलेल्या इंजिनाची झळ तोंडावर येत होती, पण ती हटली नाही. दादाचा कान खोटा नव्हता, कंप्रेसरवर आवाज होताच. मग तो दुसरीकडून तिथवर चालत येत असला तर? लोखंड असो की अ‍ॅल्युमिनियम, आवाजाला रस्ताच लागतो. कंप्रेसरला जोडलेला पाइप तिने हातमोजा घालून वीत वीत दाबत नेला.

"नाडी बघताय?" ड्रायव्हरने विचारलं.

"हो. अजून धडधडतेय."

हेडलाइटच्या मागे मूठ आवळली आणि सगळं शांत झालं. सोडली, टक. धरली, गप्प. तिने बॅटरीचा उजेड मारला. पाइप शेजारच्या पट्टीवर आपटत होता, घासून तिथला रंग उडाला होता. वर बोल्टचं भोक मोकळं. पाइप धरून ठेवणारा रबरी क्लॅम्पच जागेवर नव्हता.

"सापडलं!" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. दोन महिन्यांपूर्वी याच व्हॅनला पुढचा पंखा तिनेच बसवला होता. तिने आपला उरलेल्या बोल्टांचा डबा उपडा केला, तर तळाशी तोच क्लॅम्प, रबरासकट.

ड्रायव्हर पाणी प्यायला गेला होता. दादा आत फोनवर. दोन मिनिटांचं काम होतं. झाकली मूठ, वर पैजही जिंकलेली. धाकटीने घाम पुसला, क्लॅम्प तळहातावर घेतला आणि सरळ आत गेली.

"दादा, फोन ठेव. पाइप आपटतोय. त्याचा हा क्लॅम्प. पंखा बसवताना मीच परत लावला नाही."

दाराशी ड्रायव्हरचा ग्लास ओठापर्यंत जाऊन थांबला. "म्हणजे ही करामत तुमची? आणि मी सुरुवातीला आजोबांच्या काठीला शिव्या घालत होतो!"

"माझीच, काका. आजोबांना सांगा."

दादाने क्लॅम्प उलटापालटा केला. "बोलली नसतीस तर?"

"तर उद्या दुसऱ्या गाडीचा लावायचा राहिला असता."

तिने पाइप नखाने चाचपला. रंगच उडाला होता, धातू शाबूत होता. फेस लावून गळती नाही याची खात्री केली, क्लॅम्प आवळला. एसी लावला. दादाने स्वतः बॉनेटमध्ये वाकून ऐकलं, बराच वेळ. मग कंप्रेसर नको म्हणून फोन केला.

"यापुढे गाडी सोडण्याआधी तो डबा दाखवायचा," तो म्हणाला. "तुझाही, माझाही."

"आणि ठरलेलं?"

व्हॅन बाहेर पडतेय तोच एक बाई गाडी आत घेऊन आल्या. काच खाली करून त्यांनी तोंडानेच आवाज काढला, "घर्रर्र, आणि मग शूऽऽ."

दादा सवयीने पुढे झाला, थबकला. "तिला सांगा. आवाजाचं ती बघते."

धाकटीने बाईंना एसी लावायला सांगितलं, मान तिरपी करून ऐकलं आणि डॅशबोर्डचा खण उघडून मागची हवेची जाळी बाहेर ओढली. वाळक्या पानांचा ढीग निघाला. ती जाळी घेऊन पायरीपाशी गेली आणि उकिडवी बसून झटकू लागली.