कोपऱ्यातलं कुंकू

बाळांनो, शुभेच्छापत्रांचा साचा कसा करायचा हे तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर शिकवलंत. चौकट, चित्राची जागा, मजकुराची जागा एकदा ठरवायची. मग फक्त रंग आणि शब्द बदलत जायचं. तुमचे कॉल पुढे कमी झाले, पण साचा माझ्याकडे राहिला. जेवण झालं की मी लॅपटॉप उघडते. इस्लामपूरच्या या फ्लॅटमध्ये चार वाजेपर्यंत दुसरा कसलाच आवाज नसतो. एका दुपारी वीसेक कार्डं होतात. वाढदिवस, बारसं, नवं घर, निवृत्ती. प्रत्येकाचं वेगळं फोल्डर. ती विक्रीच्या साइटवर चढवायची. घेणारा आपापल्या गावी छापून घेतो.

त्या साच्यात मी माझी एक गोष्ट घातली होती. तुमच्या आईबाबांच्या लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना आजोबांनी आणि मी बोटानं हळद-कुंकू लावलं होतं. तसंच बोट मी कागदावर उमटवलं, फोटो काढला आणि साच्याच्या उजव्या कोपऱ्यात बसवला. हलू नये म्हणून तुम्ही दाखवलं तसं कुलूप लावून टाकलं.

मार्चमध्ये सांत्वनाचं कार्ड केलं. पार्श्वभूमी राखाडी केली, फुलं काढली, शब्द तीनदा तपासले. कोपऱ्याकडे बघितलंच नाही. रोज दिसणारी गोष्ट दिसेनाशी होते.

महिन्याभरानं दुपारी फोन आला. कार्डाच्या पाठीवर माझा नंबर असतो.

"कार्डवाल्या बाई का? मी दहिवडीकडनं बोलतीया. आमचं मालक वारलं. मुंबईत त्यांच्यासंगं कामाला हुती ती माणसं, त्यांनी तुमचं कार्ड धाडलंय."

मी म्हटलं, "फार वाईट झालं."

"व्हय. पर आवं, त्येच्यावर कुंकू हाय."

मी फोन धरूनच लॅपटॉप उघडला. राखाडी कार्ड, आणि कोपऱ्यात लाल-पिवळं बोट. दुःखाच्या पत्राला कुंकू!

"घरात कालवा झालाय," ती सांगत होती. "जाऊबाई म्हणत्यात, फाडून टाक, कुणीतरी मुद्दाम चेष्टा केली. मी म्हणलं, थांबा, आदी इचारती. तुमी मुद्दाम लावलंय का?"

तिला कोणतं उत्तर हवं आहे, ते मला कळेना. मुद्दाम लावलं म्हटलं असतं, तर मी मोठ्या मनाची ठरले असते. किंवा दुष्ट.

"नाही हो. माझी चूक झाली. सगळ्या कार्डांना एकच साचा आहे, त्यातलं काढायचं राहिलं. मला माफ करा. दुसरं पाठवते."

पलीकडे तिनं ओरडणाऱ्या शेळ्यांना दूर हाकललं.

"दुसरं नगं," ती म्हणाली. "चुकून का हुईना, मला कुणी कुंकू लावलेला कागद धाडला. आता न्हाई कुणी धाडणार. मी ठेवलंय त्ये पत्र्याच्या पेटीत. जाऊबाईला सांगती, फाडलं म्हणून." मग तिनं विचारलं, "तुमचं मालक हायती?"

"नाहीत. चार वर्षं झाली."

"मंग तुमाला ठावं हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला ठाऊक होतं. संक्रांतीला खालच्या मजल्यावरच्या बायका हळदीकुंकवाची आमंत्रणं घेऊन जिना चढतात आणि माझं दार सोडून वर जातात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. वाईट मनाच्या नाहीत त्या. जाताना पावलं हळू टाकतात.

मी कुलूप काढून सांत्वनाच्या कार्डावरचं बोट पुसलं आणि कार्ड पुन्हा साइटवर चढवलं. तोवर ते एकदाच विकलं गेलं होतं. म्हणजे तसलं कार्ड एकच आहे, दहिवडीकडे, पत्र्याच्या पेटीत.

तिचा नंबर मी वहीत लिहून ठेवला आहे. काय निमित्तानं फोन करावा, ते अजून ठरत नाही.