काकूंची आंघोळ

“आडनाव काय गं तुझं?”

काकूंचा जीव जाऊन तासही झाला नव्हता. डॉक्टर तपासून गेले होते आणि मी काकूंच्या नाकातली नळी काढत होते. विचारणारी त्यांची मुलगी. आईचं काही खरं नाही म्हणून आदल्या दिवशीच पुण्याहून आलेली.

मी आडनाव सांगितलं. गावही सांगितलं. रेवदंड्याच्या अलीकडची बौद्धवाडी.

ती मागे सरली. भावजयीला दाराबाहेर घेऊन गेली. काहीतरी कुजबुज झाली. मग वहिनी आत आल्या. आजवर मला “सिस्टर, तुम्ही” म्हणणाऱ्या वहिनी.

“तू आता हात लावू नकोस. आंघोळ घरच्या बायका घालतील. तू मागच्या पडवीत थांब.”

तू. सिस्टरची तू झाले.

मी नर्सिंग शिकलेय. माझी आई लोकांच्या वाड्यांमधून गवत काढायची, तिने शिकवलं. अलिबागच्या एका खाजगी दवाखान्यात मी कामाला. तिथल्या डॉक्टरांनी मला काशीदला काकूंच्या घरी पाठवलं होतं. काकूंना लकवा झालेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घराच्या मागे माडांत पर्यटकांसाठी खोल्या. लकवा व्हायच्या आधी काकूंच्या हातचं जेवायला लांबून माणसं यायची. त्या पंगतीत कोण कुठला, कुणी विचारत नसे.

माणसं म्हणतात, घाण काढायचं काम, त्यात कसलं समाधान? मला होतं. खरंच होतं. मी गेले तेव्हा काकूंच्या कमरेखाली जखम होती, पडून पडून झालेली. आत बोट जाईल एवढी खोल. मी ती रोज धुतली, कूस बदलली, पुन्हा धुतली. हळूहळू कडेने गुलाबी कातडी धरायला लागली. असं काही दिसलं की मला दिवसभर पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

काकूंना गार पाणी सोसायचं नाही. मी कोपर बुडवून बघायची, मग डोक्यावर ओतायची. त्या डोळे मिटून घ्यायच्या. एका सकाळी मी तांब्या खाली ठेवला आणि काकूंचे ओठ हलले. “अजून.”

इतक्या महिन्यांनी पहिला शब्द. मी ओतत राहिले. घरी जाताना एसटीत एकटीच हसत होते.

मग छातीत कफ भरला. चार दिवसांत सगळं संपलं.

मी पडवीत उभी. आत बायकांची गडबड. लंगोट बदलणं त्यांना जमेना. जखमेची पट्टी बघून कुणीतरी ओकत मोरीकडे पळालं. मग वहिनी बाहेर आल्या, नाकाला पदर.

“जरा आत ये. मागचं तेवढं साफ करून दे, पट्टी काढ. मग बाहेर हो. पाणी आम्ही घालू.”

आधी मला नीट कळलंच नाही. मग कळलं. घाण माझी. पाणी त्यांचं.

“वहिनी, घालीन तर डोक्यापासून सगळी आंघोळ मी घालीन. नाहीतर हात लावणार नाही.”

आतून मुलगी ओरडली, “हिची नाटकं करायची वेळ आहे का ही?”

“हीच वेळ आहे,” मी म्हटलं.

मला कुणी बोलावलं नाही. खिडकीतून दिसत होतं. अंगावरच्या चादरीवरूनच, लांबून, तांब्या तांब्या पाणी ओतत होत्या. नळाचं. गार. पट्टी तशीच राहिली. तिच्यावरून नवी साडी गुंडाळली.

माझा पाय उचलला गेला होता. जाऊन सगळ्यांना बाजूला सारावं, पाणी ऊन करावं. पण मी गेले असते काकूंसाठी, आणि घरच्यांना वाटलं असतं, आली मुकाट्याने. मी पडवीचा खांब धरून रडले. बाप गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते.

घरी आईने विचारलं, “घातलीस का गं आंघोल म्हातारीला?”

“नाही.”

“मना ठाव हाय,” आई म्हणाली. तिला न सांगता कळलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. “घरात मयत आणि तू अटी घालतेस? एवढं चांगलं घर तोडलंस. मिळालेल्या कामात समाधान मानायला शीक जरा.”

“समाधान होतं, सर. तेच त्यांनी काढून घेतलं.”

ते मोबाईलमध्ये बघायला लागले.

मी काम सोडलं नाही. सोडणारही नाही. पेशंटच्या अंगावरून फिरणारा माझा हात मला कुणाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. पण आता कुणाच्या घरी ड्युटी लागली की मी उंबऱ्याबाहेरच बोलून घेते. पेशंट माझ्या हातात दिलात तर शेवटपर्यंत माझ्या हातात. बरी झाली तर मी तिला अंगणात चालवीन. गेली तर तिला मीच धुईन, तुमच्यासमोर, ऊन पाण्याने. कबूल नसेल तर आत्ताच सांगा.

दोन घरांनी दार लावलं.

लावू देत. मी अट बदलणार नाही.