नंबर एकचा उजवा हात

माझा दादा तीन वर्षं हेवीवेट बॉक्सिंगमध्ये नंबर एक होता, आणि त्या तीन वर्षांत त्याने एकाही माणसाला ठोसा मारला नाही. लोकांना हे ऐकून हसू येतं. सुरुवातीला मलाही यायचं.

हेवीवेटचा जगज्जेता एकच, मग भानगड कसली, असं कोणालाही वाटेल. पण जगज्जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या संघटना चार, आणि चारही पट्टे तेव्हा एकाच धिप्पाड माणसाकडे होते. प्रत्येक संघटनेची यादी वेगळी, तिचा नंबर एक वेगळा. त्या नंबर एकशी जगज्जेत्याने ठरल्या मुदतीत लढायचं, नाहीतर पट्टा परत करायचा, असा नियम. माणूस एक आणि दावेदार चार, म्हणून पाळ्या लावलेल्या. दादाच्या संघटनेची पाळी चौथी. मधल्या काळात भलत्याशीच लढून हरला, तर नंबर हातचा गेला. म्हणजे लढायचं नाही, फक्त तयार राहायचं.

"एकदा त्याच्यासमोर उभं राहायचंय," दादा म्हणायचा. "मग हरलो तरी चालेल." तेव्हा तो छत्तीसचा होता.

दादा गोदामात खोकी उचलायचा. त्याचं सगळं भांडवल उजव्या हातात, म्हणून त्याने मुकादमाला गळ घालून फाटकावरचं काम मागून घेतलं. येणाऱ्या गाड्यांचे नंबर तो डाव्या हाताने लिहायला शिकला. पिशवी डाव्या हातात, कुलूप डाव्या हाताने. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे गॅसचं सिलिंडर तीन जिने मी ओढत आणायची आणि हा साडेसहा फुटी पुरुष बाजूला उभा राहून "सांभाळून" म्हणायचा. तळहातावरच्या फोडासारखं जपणं मी त्या हाताच्या बाबतीत रोज बघत होते. रोज संध्याकाळी वस्ताद येऊन त्याच्या पंजांना पट्ट्या बांधायचे, थैलीवर मोजके ठोसे मारायला लावायचे आणि पट्ट्या सोडून घेऊन जायचे.

मी शाळेच्या ऑफिसात कारकून, म्हणून संघटनेचा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात. पाळी आली तेव्हा जगज्जेत्याचं पत्र आलं: हाताला दुखापत झाली आहे, मुदत वाढवून मिळावी. मिळाली. मग दुसरं पत्र, मग तिसरं, शब्दन् शब्द तेच. मी संघटनेच्या सचिवांना फोनवर फैलावर घेतलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि नोंद घेतली म्हणाले. पहिल्या पत्राच्या वेळी दादा दोन दिवस नीट जेवला नव्हता. तिसरं आलं तेव्हा त्याने ते ताटाशेजारून सरकवलं आणि मीठ मागितलं. मला त्या मिठाचा फार राग आला होता.

चौथं पत्र शनिवारी सकाळी आलं, सोबत एक खोकं. जगज्जेत्याने लढण्याऐवजी आमच्या संघटनेचा पट्टा सोडला होता; तोच खोक्यात होता. नियमानुसार आजपासून जगज्जेते तुम्ही, असं संघटनेने दादाला कळवलं होतं.

"म्हणजे तो लढणार नाही?" दादाने विचारलं.

"नाही."

"नंतर कधी?"

मी कधीच नाही म्हणाले. त्याने मान हलवली आणि डब्यातले उरलेले शेंगदाणे संपवले. वस्तादांनी त्याला मिठी मारली, ती त्याने मारू दिली. शेजारचे पट्टा बघायला आले, कमरेला लावून बघू का म्हणाले, तेव्हा तो खुशाल लावा म्हणाला. मी आनंद होण्याची वाट बघत होते. तो झाला नाही, आणि दुःखही झालं नाही.

पत्राला दुसरं पान होतं. नव्या जगज्जेत्याने सहा महिन्यांत यादीतल्या पुढच्या माणसाशी लढायचं होतं. हा दावेदार चोवीस वर्षांचा होता आणि त्याने शेवटच्या पाचही जणांना पहिल्याच फेरीत आडवं केलं होतं. दादा एकोणचाळीसचा झाला होता. ते पान चार दिवस टेबलावर पडून होतं. पाचव्या दिवशी कामावरून आल्यावर दादा माझ्यासमोर बसला.

"पत्र लिही. मुदत वाढवून द्या म्हणावं. हाताला दुखापत आहे."

"कुठल्या?"

"उजव्या."

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "त्या पोराच्या घरीही कोणीतरी पत्रं उघडत असेल, दादा."

"असेल," तो म्हणाला.

मजकूर मला पाठ होता, कुठे बघावं लागलं नाही. दादाने सवयीप्रमाणे डाव्या हाताने सही केली. मी पाकीट बंद केलं आणि स्वयंपाकाला उठले, तर गॅस संपलेला. खाली जाऊन भरलेलं सिलिंडर आणायला मी चपला घालत होते. दादा म्हणाला, राहू दे. तो गेला, आणि सिलिंडर एका उजव्या हातात धरून, कुठेही न टेकवता, तिन्ही जिने चढून आला.