पहिल्या रांगेतली मधली

या नागपूर शहरात घाबरण्याचं काम कोणी मन लावून, नेमाने आणि एकही रजा न घेता केलं असेल, तर ते माझ्या साडभाऊंनी. साडभाऊ म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. तुम्ही-आम्ही अपघाताला घाबरतो. साडभाऊ अपघात होईल तेव्हा आपली तयारी नसेल, याला घाबरतात. त्यांची तीस वर्षं कोराडीला वीजकेंद्राच्या स्टोअरात गेली. तिथे एक पंप चालू असला की शेजारी दुसरा तयार उभा ठेवतात, त्याला स्टॅण्डबाय म्हणतात. "एवढ्या मोठ्या सरकारले अक्कल हाये," साडभाऊ म्हणतात, "अन् आपण घरात चहाची गाळणी एकच ठेवतो." त्यांच्या घरी गाळण्या दोन, चष्मे तीन आणि स्कूटरच्या किल्ल्यांचे जुडगे चार, त्यातला एक आमच्या देव्हाऱ्याखाली. त्यांच्या लग्नाची गोष्ट माझी बायको अजून सांगते. गुरुजींना उशीर झाला तर काय, म्हणून दुसरे गुरुजी त्यांनी मांडवामागे खुर्चीवर बसवून ठेवले होते. पहिले गुरुजी अर्धा तास आधीच आले. दुसऱ्यांनी पोटभर जेवून घेतलं आणि जाताना "पुन्हा असं काही असलं तर बोलवा" म्हणून सांगून गेले.

त्यांच्या घरात एकच असलेली गोष्ट म्हणजे मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी मेहुणी मरता मरता वाचली आणि डॉक्टरांनी दुसऱ्याचं नावच काढू नका म्हणून बजावलं. झालं, तेव्हापासून या माणसाच्या घाबरण्याला सगळी वाट तिच्याच दिशेने मिळाली. दहावीपर्यंत तिच्या स्कूलबसच्या मागे यांची स्कूटर. शाळेची सहल रामटेकला गेली, तर हे मागच्या एसटीने दुसरा डबा घेऊन हजर. मुलीने त्यांना गडाच्या पायरीवर बघितलं आणि सरळ ओळख न दाखवता पुढे गेली. "हुशार हाये पोरगी," ते मला कौतुकाने सांगत होते.

आता अशा बापाच्या मुलीने काय खेळावं? कॅरम होता, बुद्धिबळ होतं, बॅडमिंटन म्हटलं तरी मी समजून घेतलं असतं. ती रग्बी खेळायला लागली. तेही मी ज्या कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, त्याच कॉलेजात, आणि तिथून शहरातल्या मुलींच्या क्लबात. त्यामुळे सगळा दोष माझ्याकडे आला. "तुमच्या कॉलेजात तो लांबट चेंडू आला कुठून, ते पयले सांगा," असं त्यांनी मला घरी येऊन, पाणीसुद्धा न पिता विचारलं. चेंडूची खरेदी माझ्या टेबलावरून झाली नव्हती हे मी शपथेवर सांगितलं, पण उपयोग झाला नाही. शिक्षा म्हणून दर रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर मैदानावर जाऊन उभं राहायचं, असं ठरलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्यात स्क्रम नावाचा एक प्रकार असतो. इकडच्या आठ मुली आणि तिकडच्या आठ मुली माना खाली घालून एकमेकींत शिरतात आणि जीव खाऊन ढकलतात. सगळ्यात पुढच्या रांगेत तिघी असतात. कडेच्या दोघींचा एकेक हात तरी बाहेरच्या बाजूला असतो. मधलीचे मात्र दोन्ही हात शेजारणींच्या खांद्यांवर गुंतलेले. म्हणजे सगळा ढीग कोसळलाच तर तिला जमिनीला टेकायला हात मोकळा नसतो. आमची भाची ही ती मधली. हे साडभाऊंना पहिल्याच दिवशी, कोणी न सांगता कळलं. कुठल्या यंत्राचा कुठला भाग आधी मोडेल, हे बघण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली होती.

स्क्रम लागला की ते डोळे मिटायचे आणि माझं मनगट धरायचे. "उठली का?" "उठली." "मान हलवून राहिली का?" "हो." "दोन्हीकडे?" मी दोन्हीकडे म्हटल्यावर डोळे उघडायचे. एकदा माझं लक्ष पोह्यांच्या गाडीकडे होतं आणि मी न बघताच "उठली" म्हणालो. त्यांनी डोळे उघडले तर समोर स्क्रम अजून चालूच. पुढचे दोन रविवार ते माझ्याशी बोलले नाहीत, मनगट मात्र धरत होते. खरं सांगतो, त्या माणसाशेजारी उभं राहून राहून मलाही भीती चिकटली. शिट्टी वाजली की माझ्याच मानेत कळ यायची. ऑफिसात शिपायाने फायलींचा गठ्ठा धप्पकन टाकला, तर मी दचकून उभा राहायचो.

पण गंमत अशी, की घरी त्यांनी मुलीला एका शब्दाने अडवलं नाही. "नको खेळू वं" एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. मेहुणी म्हणाली, मी म्हणालो, "एकदा बोलून तरी बघा." ते उठून पाण्याची मोटर बंद आहे का बघायला जायचे.

त्यांचं सगळं बोलणं निघायचं ते पोह्यांच्या गाडीवर. सराव झाला की मैदानाच्या फाटकाशी आम्ही सात-आठ चाहते तर्री-पोहे खात निवडीवर वाद घालत असू. क्लबात मुली सतरा, खेळायच्या पंधरा. बाकावर उरल्या दोन. त्यातल्या एकीच्या घोट्याला कायमची पट्टी आणि दुसरी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन बसलेली. तरी चर्चा अशी चालायची की जणू तीनशे पोरींतून पंधरा काढायच्या आहेत. एका शाळेतून रिटायर झालेले पीटी सर होते, ते वेगाच्या बाजूचे. पोहेवाला उंचीच्या बाजूचा. तो तर्रीचा डाव हवेत थांबवून आपलं मत मांडायचा, त्यामुळे ते संपेपर्यंत त्याला विरोध करणं कोणाला परवडत नसे. आणि सगळ्यांचं झालं की साडभाऊ बशी खाली ठेवून म्हणायचे, "तुमचं सगळं मान्य. पण मधली पडली तर कोण? बेंच स्ट्रेंथ कुठाय?"

मुद्दा बिनतोड होता. मधल्या जागी ते काम शिकलेलीच मुलगी लागते. तशी दुसरी नसेल तर पंच स्क्रम नावापुरता लावतात आणि ढकलाढकली बंद करतात. हा नियम कळला तेव्हा साडभाऊंना इतका आनंद झाला की सामना सुरू होतानाच तसं करता येईल का, असं त्यांनी प्रशिक्षकांना विचारलं. प्रशिक्षक हसले. साडभाऊंनी पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. हळूहळू मात्र सगळ्यांना वाटायला लागलं की या माणसाला खेळ कळतो. "भाऊसाहेब लांबचं पाहतात," पीटी सर म्हणायचे. लांबचं कसलं? एकदा स्कूटरला किक मारता मारता थांबून ते मला म्हणाले, "मले त्या बेंच स्ट्रेंथचं काय करायचं हाये? दुसरी आली तर ही जराशी बाहेर बसन. तेवढंच."

आणि दुसरी त्यांनीच आणली. तासाभरावरच्या खाप्याला एका जुन्या सहकाऱ्याकडे लग्नाला गेले असताना स्कूटर पंक्चर झाली. सायकल दुरुस्तीच्या दुकानात जॅक सापडेना, तर दुकानदाराच्या मुलीने स्कूटरचं मागचं अंग दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि वडिलांना चाक काढू दिलं. साडभाऊ लग्न विसरले. त्यानंतर ते चार वेळा खाप्याला गेले. मुलीचा बाप साधा माणूस. शहर, खेळ, हाफ पॅंट, कशालाच तयार होईना. शेवटी साडभाऊंनी त्याला शब्द दिला: "पोरगी माझी जबाबदारी." ती शनिवारच्या बसने येऊ लागली, मुक्काम साडभाऊंकडे. आमची भाचीच तिला हॉलमध्ये गादी टाकून शिकवायची, हनुवटी कशी ठेवायची, खांदा कुठे द्यायचा, ढीग पडला तर अंग कसं सोडायचं. साडभाऊ दारात उभे राहून बघत. तीन महिने त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती तुकतुकी आली होती.

जबलपूरच्या संघाशी सामना ठरला आणि प्रशिक्षकांनी आदल्या रविवारी पोह्यांच्या गाडीजवळच नावं वाचली. मधली, खाप्याची. आमची भाची बाकावर. एकच गलका झाला. पीटी सर म्हणाले, योग्य निवड, ही पोरगी जास्त ताकदीची आहे. पोहेवाला म्हणाला, वर्षभर राबलेल्या पोरीला बसवता म्हणजे काय. मग कोणीतरी म्हणालं, "भाऊसाहेब, घ्या, आली तुमची बेंच स्ट्रेंथ," आणि सगळे हसले. भाचीने खाप्याच्या मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि नळावर पाणी प्यायला गेली. बराच वेळ पीत होती. साडभाऊ तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बशीतले पोहे तसेच राहिले.

सामन्याला खाप्याहून मुलीचे वडील आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, आमच्या दोघांच्या मधे बसले. पहिला स्क्रम लागला आणि ते घाबरून अर्धवट उठले. "हे काय करून राहिले, भाऊ? मान-गिन तर नाही ना मोडत?"

साडभाऊंनी सवयीने डोळे मिटले होते. ते त्यांना उघडावे लागले. "काही होत नाही," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "माझी पोरगी वर्षभर त्याच जागेवर खेळली."

"मंग आज बाहेर काहून बसली?"

त्या माणसाने अगदी सरळ विचारलं होतं. साडभाऊ उठून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "मी माझी उचलली अन् दुसऱ्याची ठेवली तिथं. हे काय करून बसलो मी?" मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. त्या तासाभरात साडभाऊ प्रत्येक स्क्रम उघड्या डोळ्यांनी बघत होते, आणि दर वेळी खाप्याचे गृहस्थ विचारायच्या आधीच त्यांना "उठली, उठली" म्हणून सांगत होते.

दुसऱ्या अर्ध्यात ढीग कोसळला. एकेक मुलगी उठली, खाप्याची उठेना. तिचा बाप मैदानाकडे धावला, त्याच्यामागे साडभाऊ. मी आयुष्यात त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. मुलगी उठून बसली, मान हलवली, पण खांदा धरून होती. फार काही नव्हतं, नुसता मुका मार. तरी प्रशिक्षकांनी तिला बाहेर बोलावलं आणि बाकाकडे बोट केलं. भाचीने जॅकेट काढलं. रेषेशी ती थांबली आणि बापाकडे बघितलं. नुसतं बघितलं. नको म्हणायला इतकी चांगली वेळ साडभाऊंना पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी हात उचलला आणि जा म्हणून खूण केली.

सामना आम्ही हरलो. पोहेवाल्याच्या मते उंचीमुळे. भाची आमच्याजवळ आली ती काळ्या मातीने माखलेली, कपाळावर ओरखडा. खाप्याचे बापलेक पलीकडे बर्फ लावत बसले होते. तिने बापासमोर उभं राहून शांतपणे विचारलं, "बाबा, मले बाहेर बसवायचं होतं तर मले सांगायचं ना. तिले काहून आणलं?"

तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्या शनिवारपासून ठाऊक होतं, आणि तरी तिने त्या मुलीला शिकवलं होतं.

"तुले सांगाले भेव लागे," साडभाऊ म्हणाले.

"मी ऐकलं नसतं म्हणून?"

"नाही वं," ते म्हणाले. "तू ऐकलं असतं म्हणून."

तिने त्यांच्या शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं. आता त्या दोघी आलटून पालटून खेळतात, आणि साडभाऊ दोघींसाठी घाबरतात. खाप्याच्या मुलीचं वजन जरा कमी दिसलं तरी तिच्या बापाला फोन करतात. रविवारी मीही जातो.

मला एक मुलगा आहे. बारावीनंतर त्याने गिर्यारोहणाच्या कोर्सचा फॉर्म आणला होता, हिमालयातल्या. मी रागावलो नाही, आरडाओरडा केला नाही. जेवताना एकदाच म्हणालो, "बघ बाबा, माझ्या छातीत धडधडतं." त्याने ऐकलं. आता इथेच मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे, सातच्या आत घरी येतो, जेवतो, मोबाइल बघतो, झोपतो. चांगला मुलगा आहे. त्याच्यासाठी मला कधी घाबरावं लागलं नाही.